डावीकडे मोकळं

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात भर दुपारी बारा वाजता, डोक्यावर ऊन रणरणत असताना, मोटारीचे दिवे लागतात की नाही हे पाहणारी बाई एकच होती, आणि ती माझी घरमालकीण होती. मेहकरात सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. त्यांचं खरं नाव दवाखान्याच्या पाटीवर होतं, पण पाटीचा रंग उडाला होता आणि तो पुन्हा द्यावा असं कुणाला कधी वाटलं नाही.

मी तेव्हा साताऱ्याकडून मेहकरच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले होते. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण कचेरीतली जुनी माणसं तक्रारीचा विषय निघाला की अजून जुन्या राजधानीच्या, नागपूरच्या दिशेला हात करत. मला इथली बोली कळायला महिना लागला. ऊन कळायला एक दुपार पुरली. दवाखान्याच्या मागच्या अंगाला डॉक्टरीणबाईंची एक खोली रिकामी होती. खोली देताना लोक जात विचारतात, गाव विचारतात, सामान किती ते विचारतात. यांनी माझ्याकडे मान पुरती वळवून पाहिलं आणि एकच विचारलं, "तुले डावीकडचं नीट दिसते का वं?" मी हो म्हटलं. "मंग रविवारी मोकळी राह्यत जा," त्या म्हणाल्या आणि किल्ली हातावर ठेवून आत गेल्या. डॉक्टर लोक असलंच काहीतरी विचारत असतील, असं मी धरून चालले.

त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. लग्न केलेलं नव्हतं. नागपूरला एक भाऊ होता, तो दिवाळीला पोस्टकार्ड पाठवी आणि त्यात दरवर्षी "बाकी सर्व क्षेम" असं लिही. घरात त्या फारशा बोलत नसत. दवाखान्यात बायकांची एवढी गर्दी, पण शेवटची बाई गेली की दार लोटून घेत आणि मग भिंतीपलीकडून मला फक्त एका ताटाचा, एका वाटीचा आवाज येई. मीही माझ्या खोलीत एका ताटाचा आवाज करत बसे. दोन एकट्या बायका एका छपराखाली राहिल्या म्हणजे सोबत होते असं नाही, हे मला तिथं कळलं. बोलणं व्हायचं ते मोटारीत.

मोटार जुनी विलायती, बिस्किटी रंगाची, खामगावच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून आलेली. दर रविवारी त्या जानेफळला जाऊन तिथल्या बायकापोरांना तपासत, आणि निघण्याआधी जे चाले ते पाहायला समोरच्या हॉटेलातली माणसं चहा हातात घेऊन बाहेर येत. आधी ओल्या वर्तमानपत्राने दिव्यांच्या काचा पुसायच्या. मग मला गाडीपुढे उभं करायचं आणि आतून ओरडायचं, "लागला?" मी म्हणायचं, "लागला." "डिपर?" "खाली गेला." मग मी मागे जायचं. "लाल?" "लागला." "ब्रेकचा?" "लागला." रस्त्यापलीकडे एक शिंपी बसे. त्याला हे इतकं पाठ झालं होतं की मी आजारी पडले तेव्हा त्याने मशीनवरून मान न उचलता चारही उत्तरं देऊन टाकली. डॉक्टरीणबाई खाली उतरल्या, रस्ता ओलांडून त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "न पाह्यता सांगतलं तर मी मरीन, अन् संग दुसऱ्यालेबी नेईन." त्या दिवसापासून तो बिचारा खरोखर उठून पाहायला येई.

आरशांचा प्रकार त्याहून वरचा होता. गाडीला मुळात एकच आरसा होता, आत, मधोमध. बाईंनी उजवीकडे एक बसवून घेतला, डावीकडे एक बसवून घेतला, आणि तेवढ्याने समाधान न होऊन डावीकडेच न्हाव्याच्या दुकानातला असतो तसा एक मोठा आरसा टिनकाम करणाऱ्याकडून पत्र्याच्या पट्टीवर लावून घेतला. गाडी उभी असली की चिमण्या येऊन त्यात टोचा मारत बसत, म्हणून बाईंनी बाहेरच्या तिन्ही आरशांना खणाच्या कापडाच्या खोळी शिवल्या होत्या. जानेफळच्या बायका तपासणीला आल्या की आधी खोळ वर करून कुंकू नीट करत आणि मग आत येत. बसल्यावर बाई एकेक आरसा जागेवर आणत, तो आणला की कुणी हात लावायचा नाही. एकदा मी माझी बट सारखी करायला मधला आरसा जरासा वळवला. त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, खाली उतरून गाडीला पूर्ण फेरी मारली आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सुरू केलं. "आरसा मांगचं पाह्याले असते," त्या म्हणाल्या, "तोंड पाह्याले नाई. तोंड काय, आहे तेच राह्यते."

आणि एवढे आरसे असूनही दर वळणाला, दर फाट्याला, दर ओढ्यापाशी त्या मला विचारत, "डावीकडे?" मी पाहायचं आणि म्हणायचं, "मोकळं." किंवा "बकऱ्या," किंवा "सायकलवाला, हळू." जाऊन-येऊन हे शे-दीडशे वेळा होई. पहिल्या महिन्यात मला वैताग आला, दुसऱ्या महिन्यात सवय झाली, आणि तिसऱ्या महिन्यात असं झालं की शाळेतून परतताना कोपऱ्यावर मी स्वतःशीच "मोकळं" म्हणू लागले.

हवेबद्दल त्यांचे कायदे वेगळे. उन्हाळ्यात गाडीची चारी दारं उघडून आतली तापलेली हवा जाऊ द्यायची, मगच बसायचं. खामगावच्या शेठ लोकांच्या मोटारींना खिडकीवर खसचे पडदे असत, मी एकदा सुचवलं, तर म्हणाल्या, "गार वाटीन, पण दिसणार काय? खस?" त्याऐवजी त्या मानेवर ओला पंचा टाकून गाडी चालवत. बंद गाडीत कुणी मूल बसवून ठेवलं की त्यांचा तोल जाई. एकदा एका पाटलाने बाळंतिणीचं औषध घ्यायला येताना पोराला जीपमध्ये काचा लावून ठेवलं, तर रांगेतल्या बायकांसमोर बाईंनी पाटलालाच दहा मिनिटं त्या जीपमध्ये बसवलं. हिवाळ्यात उलटं. सकाळी निघालो की पुढची काच आतून धुरकट होई. मग दोन्ही काचा दोन बोटं खाली, बाजूची तिकोनी काच उघडी, आणि दवाखान्यातलं धुतलेलं फडकं माझ्या हातात. थंडीने माझे दात वाजत. "बंद करू का?" विचारलं की म्हणत, "कुडकुडलेलं माणूस बरं होते. आंधळी काच नाई." एका सकाळी मी काच पुसत असताना त्या सहज म्हणून गेल्या, "एकटी असली तं एवढी धुरकटत नाई. दोघींचा श्वास असते ना." मग काच पुन्हा धुरकटली, तरी पुसायला सांगायचं विसरल्या.

परतताना दिवस मावळायच्या आत घर गाठायचं हा त्यांचा नेम होता. तरी ऊन पिवळं पडलं की दिवे लावत. मी म्हणायची, "अजून दिसतंय की." त्या म्हणत, "दिवा आपल्याले दिसावं म्हनून नसते वं. आपून दिसावं म्हनून असते." समोरून बैलगाडी आली की पायाखालचं बटण दाबून दिवे खाली करत, बैलाच्या डोळ्यांनाही त्रास होतो म्हणत. समोरच्या ट्रकने डिपर दिला नाही तर चिडत नसत. वेग कमी करून मला शिकवत, की उजेडाकडे पाहायचं नाही, रस्त्याच्या डाव्या कडेकडे पाहायचं. हे सांगताना मात्र त्यांचे हात चाकावर घट्ट आवळलेले असत.

मी मूर्ख नव्हते, पण एकेक गोष्ट जोडायला मला वर्ष लागलं. त्यांच्या डाव्या हाताशी चहा ठेवला की पेला सांडे. खोलीत मी बाजूने आले की त्या दचकत. रविवार सोडून कुठे बोलावणं आलं तर गाडी न काढता टांग्याने जात. हे सगळं मी पाहत होते आणि म्हातारपणाच्या खात्यावर टाकत होते.

तो रविवार फाल्गुनातला. माझ्या पिशवीत चार दिवसांपासून एक कागद होता: साताऱ्याकडे बदली मंजूर झाली होती. अर्ज मी आल्या आल्या केला होता आणि विसरून गेले होते. आता हे यांना कसं सांगायचं, हा विचार करत मी बसले होते. जानेफळला बायका जास्त आल्या, निघायला उशीर झाला. सूर्य टेकलेला, दिवे लावलेले, एका शेताकडून रस्त्यावर येणाऱ्या पांदीपाशी बाईंनी विचारलं, "डावीकडे?"

मी पाहिलंच नाही. सवयीने म्हणाले, "मोकळं."

पऱ्हाटीने, कापसाच्या वाळल्या काड्यांनी, भरलेली बैलगाडी त्या पांदीतून बाहेर येत होती. गाडीवान जिवाच्या आकांताने ओरडला, बाईंनी ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दिला, आणि काच फुटल्याचा आवाज आला. आम्ही थांबलो तेव्हा न्हावी-आरसा चुरा होऊन रस्त्यावर पडला होता आणि बैलाचं फुरफुरणारं तोंड माझ्या खिडकीला लागलं होतं. बैल शाबूत, माणूस शाबूत. एक हात पुढे असतो तर दोघंही नसते.

बाईंनी इंजिन बंद केलं. माझ्याकडे न पाहता विचारलं, "तू पाह्यलं होतं?"

"नाही."

मला वाटलं आता शिंप्याला मिळालं त्याच्या दसपट मिळणार. पण त्या खूप हळू म्हणाल्या, "मले बाजूचं दिसत नाई वं. काचबिंदू आहे. समोरचं दिसते, नळकांड्यातून पाह्यल्यासारखं. दोन वर्षं झाली. वाटलं, आरसे लावू, माणूस बसवू, दिवसाउजेडी जाऊ. जानेफळच्या बायांकडं दुसरं कोन जाते?" मग म्हणाल्या, "तुही चूक नाई. मीच दुसऱ्याच्या डोळ्यांवर गाडी चालवून राह्यली होती."

गाडीवान तोवर खाली उतरून बैलाच्या पायांवरून हात फिरवून आला होता. त्याने बाईंना ओळखलं; त्याच्या दोन्ही मुली यांच्याच हातावर जन्मल्या होत्या. "जाऊ द्या न बाई," तो म्हणाला, "मी कंदील लावला नोता. चाला तुमी, अंधार पडून राह्यला."

"मी नाई चालवत आता," बाई म्हणाल्या. "मेहकरले नेतो का गाडी?"

"मले कोठी येते मोटार?"

"तुले नाई. बैलांले."

पऱ्हाटी तिथंच बांधावर उतरवली आणि मोटार दोराने बैलगाडीला बांधली. सुकाणू धरायला बाई चाकामागे बसल्या, मी डावीकडे. मोठे दिवे लावले तर बैल स्वतःच्याच लांबलचक सावलीला बुजू लागले, म्हणून बारके दिवे आणि मागचा लाल. त्या चालीत बैल थकण्यापलीकडे कसलाही धोका नव्हता. तरी दर फाट्याला बाई विचारत, "डावीकडे?" आणि मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकून पाहत होते. दोन-तीनदा गाडीवानच पुढून ओरडला, "मोकळं हाये बाई!"

कोस-दीड कोस गेल्यावर त्या म्हणाल्या, "बदली झाली वाट्टे तुही."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोनी नाई. चार दिवसांपासून माह्याकडं पाहून जास्तच गोड बोलून राह्यली."

मी रडले. त्यांनी एक हात चाकावरून न काढता दुसऱ्या हाताने दवाखान्याचं फडकं माझ्याकडे केलं. "काऊन रडतं? घरी जायाचं आहे ना? मानसानं घरी जावं." हे त्या इतक्या सरळ म्हणाल्या, जसं औषध दिवसातून तीनदा घ्यावं असं सांगत. आम्ही गावात शिरलो तेव्हा हॉटेलातले लोक बाहेर आले, पण कुणी हसलं नाही.

मोटार चिखलीच्या एका वकिलांनी नेली. त्यांना बाईंनी दोन तास दिवे, आरसे आणि काचा शिकवल्या. वकील दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होते. पुढच्या रविवारपासून आम्ही एस.टी.ने जानेफळला जाऊ लागलो. बसमध्ये त्यांच्या हाताला काम नव्हतं आणि मला सांगायला काही नव्हतं. त्या मांडीवर पेटी घेऊन समोर पाहत बसत, आणि मी त्यांच्या डाव्या बाजूला.

मे महिन्यात मी निघाले. स्टँडवर येऊ नका, असं मीच म्हटलं होतं; त्यांनीही, दवाखान्यात गर्दी आहे, म्हणून सांगितलं. पण बस दवाखान्यासमोरच्या रस्त्याने जाई, हे त्यांना ठाऊक होतं. मी खिडकीशी बसले. लांबूनच दिसल्या. पायरीवर उभ्या होत्या, इस्त्रीची पांढरी साडी नेसून, एकट्या. आमच्या बसपुढे कापसाच्या गाठींनी लादलेला, बसएवढाच उंच एक ट्रक चालला होता. तो त्यांच्यासमोरून जाऊ लागला तशी बाईंनी हात वर केला आणि जोराने हलवला. ट्रकवाला गोंधळला असावा, पण भला माणूस. त्याने खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. बाईंच्या तोंडावर हसू आलं. ट्रक गेला. मग त्या वळल्या, पदर सारखा केला आणि चाचपडत पायरी चढू लागल्या, तेव्हा माझी बस त्यांच्या पाठीमागून गेली.

खिडकी उघडी होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, इतक्या त्या जवळ होत्या. मी हाक मारली नाही.