दहाव्याचा माईक

आमच्या इंदापूर भागात दहाव्याला भटजी उशिरा आला तर चालतो, माईकवाला मात्र वेळेवर लागतो. एकीकडे नदीकाठी पिंड मांडलेले असतात आणि दुसरीकडे पुढारी एकामागून एक श्रद्धांजलीची भाषणं ठोकत असतात. मयताचं तोंड ज्यांनी कधी पाहिलं नाही तेही बोलतात. माईक मागावा लागत नाही. नको म्हटलं तरी हातात कोंबतात.

माझे यजमान राज्यसभेत आहेत. तिथे सगळं उलटं. नाव पुकारल्याशिवाय समोरचा माईक चालूच होत नाही. देशभर भरतीचे पेपर फुटतात, पोरांची वयं उलटून जातात, बाकी कामं बाजूला ठेवून यावर चर्चा घ्या, एवढीच त्यांची मागणी. त्यासाठी रोज सकाळी नोटीस द्यायची, ती रोज नामंजूर व्हायची. मग गोंधळ, मग सभागृह तहकूब. दुपारी फोन आला की मी विचारायची, "आज?" ते म्हणायचे, "उद्या बघू." पुढे पुढे मला वैतागायचाही कंटाळा आला.

हे खूळ मुळात माझ्या थोरल्या दिरांचं. त्यांच्या मुलीने भरतीची परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा पेपर फुटून ती रद्द झाली. आता तिची वयाची मर्यादा संपत आली होती. "तू तितं एकदा बोल. मला टीव्हीवर ऐकायचं हाय," असं त्यांनी भावाला बजावलं होतं. अधिवेशन सुरू झालं की ते अंघोळ उरकून टीव्हीसमोर खुर्ची टाकत. सभागृह तहकूब झालं की उठून उसाला पाणी द्यायला जात.

"दादा, कशाला रोज जीव जाळता?" मी म्हणायची.

"बोलंल की. आज न्हाय तर उद्या."

अधिवेशन चालू असतानाच दादा झोपेत गेले.

दहाव्याला सगळे बोलून झाल्यावर माईक यजमानांकडे आला. डोक्याचा गोटा केलेले, दहा दिवसांत वाळलेले ते उठले आणि सवयीने म्हणाले, "माननीय सभापती महोदय..."

कोणी हसलं नाही. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं. वाटलं, आता सावरतील, भावाबद्दल दोन शब्द बोलतील. पण दिल्लीत राहून गेलेलं अख्खं भाषण त्यांनी नीरेच्या पाण्याकडे बघत केलं. निवेदक मधेच कानाशी 'थोडक्यात' म्हणून गेला, तेही त्यांना ऐकू आलं नाही. फार चांगलं बोलले. मला रडू आलं आणि रागही आला. ज्यांनी हे ऐकायला खुर्ची टाकली होती, तेच नव्हते.

पुतणी पुढे आली. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. हळूच बोलली, पण माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

"काका, ह्ये आमाला ठावं हाय. तिकडं बोला."

दुसऱ्या दिवशी ते दिल्लीला गेले. पुढच्या सकाळी मी थोरल्या घरी गेले, तर पुतणीने टीव्ही लावलेला आणि समोर दादांची खुर्ची रिकामी.

"बसा की काकी."

मी अवघडून बसले. पडद्यावरच्या गोंधळात तो गोटा लगेच ओळखू आला. यजमान हात वर करून उभे होते, तोंड हलत होतं, माईक बंद होता. पुतणीने रिमोट उचलून आवाज वाढवला. मग आणखी वाढवला.