तिरपा काप

आमचे हे भिलाईच्या मोठ्या बागेत माळी होते. तिथं बाराही महिने हिरव्या राहणाऱ्या झुडपांचा एक वाफा होता. कामिनी, एक्झोरा, क्रोटन, काय काय, अन् प्रत्येकापुढं नावाची पत्र्याची पाटी. या झाडांची पानं झडत नाहीत ना, म्हणून कारखान्याची लाल धूळ बसली की बसलीच. हे एकेक पान फडक्यानं पुसायचे.

मी चिडवायची, "घरचं एक भांडं कधी पुसलं नाही तुमी!"

"भांड्याले तू हायेस. यायले कोन पुसन?"

त्यातली कामिनी हे नोकरीला लागले त्याच वर्षी यांनी लावलेली. रिटायर झाल्यावरही खुर्सीपारच्या घरून सायकलनं तिला पाहायला जात. मग एका श्रावणात कळलं, तिथं फिरायचा रस्ता होणार, वाफा निघणार. हे गेले अन् तिच्या पाच काड्या ओल्या पोत्यात गुंडाळून घेऊन आले. काडीचं खालचं टोक तिरपं कापायचं, वरचं सरळ, म्हणजे लावताना उलटी लागत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात हे मला त्या दिवशी कळलं.

"लागतीन का?" मी विचारलं.

"पाहू. पान हिरवं दिसलं म्हनून खुश नोको होऊ. खाली मुळी नसली तरी हे वरतून हिरवी राह्यते, लबाड. अन् उपटून पाहू नोको."

नऊ दिवसांनी सकाळी मी चहा घेऊन अंगणात गेली. हे कुंडीपाशी भिंतीला टेकून बसलेले. चेहरा रोजच्यासारखाच. चहा निवून राहिला म्हणून मी दोनदा ओरडली. मग खांद्याला हात लावला.

तेरवीपर्यंत बागेतला वाफा निघालाही होता. आता कामिनी म्हणजे या पाच काड्याच. आल्यागेल्याला मी कुंडी दाखवायची, "पाहा, लागली त्यायची कामिनी." हळूहळू चार वाळल्या. एक हिरवीगार राहिली. तिची पानं मी त्यांच्याच फडक्यानं पुसायची.

सून म्हणाली, "आई, नर्सरीत मिळते कामिनी. मी आनून देतो ना."

"मिळते ना माय. पन आनू नोको."

दिवाळीच्या सफाईत कुंडी सरकवली अन् मला राहवलं नाही. दोन बोटांनी जराशी ओढली. केळात खोचलेली उदबत्ती निघावी तशी काडी हातात आली. मुळी नाही, मुळीचा धागाही नाही. खाली फक्त त्यांनी घातलेला तिरपा काप, कापला त्या दिवशीसारखा गुळगुळीत. मी त्याच्यावरून अंगठा फिरवत किती वेळ बसली, कोण जाणे.

मग काडी परत खोचली, सरळ टोक वर करून. पाणी घातलं.

सुनेनं दारातून विचारलं, "लागली का, आई?"

"हिरवी हाये," मी म्हटलं.