मामांचा पहिला घास

सोलापुरात माणसाला माझ्या बायकोच्या मामांइतकं दमवणारं दुसरं काही नाही. यात मी उन्हाळाही धरला आहे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले हे अविवाहित गृहस्थ एकाच शब्दाच्या मागे हात धुऊन लागले आहेत, आणि तो शब्द म्हणजे ‘मामा’. आपण नुसतं "मामा, बरे आहात ना?" म्हणावं, की त्यांनी खुर्ची पुढे ओढलीच. युरोपात मामा म्हणजे आई, जॉर्जियात मामा म्हणजे चक्क बाप, तेलुगूत सासरासुद्धा मामाच. आणि हवालदाराला आपण मामा का म्हणतो, हे त्यांनी भर सिग्नलवर स्कूटर आडवी लावून एका हवालदारालाच विचारलं. तो हात जोडून म्हणाला, "मामा, जावा की आता." त्यावर मामांना आणखी अर्धा तास पुरेल एवढा विषय मिळाला. आमच्या लग्नात नवरीला बोहल्यावर आणायचं काम यांचं. हे आचाऱ्याकडे तेलुगू लग्नातल्या मामाची चौकशी करत बसले. मी हार धरून घामाने निथळत उभा. तो थकवा अजून उतरलेला नाही.

यंदा मामा पडले, मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यातून त्यांना शेजारच्या तेलुगू विणकरांच्या सुनेने आपल्या घरी नेलं. ती त्यांना सासऱ्यासारखं मामय्या म्हणते. आता एकटं राहणं जमणार नाही, म्हणून आम्ही त्यांना कायमचं पुण्याला न्यायला गेलो. खरं सांगतो, वाटेत मी खचलोच होतो. रोज सकाळ-संध्याकाळ मामा!

पोचलो तेव्हा भर दुपार होती. मामा पलंगावर पाय लांब करून बोलत होते. खाली ताटं वाढलेली, भात निवत चाललेला, आणि ती सून, तिचा नवरा, पोरं, सगळी हात आवरून बसलेली. त्या घरात वडीलधाऱ्याने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी जेवत नाही, आणि मामा अजून जॉर्जियातच होते.

"अहो, जेवून घ्या ना तुम्ही," बायको न राहवून म्हणाली.

"असं कसं ताई? मामय्यांचं होऊ दे की."

तिच्या नवऱ्याने मामांना विचारलं, "मग तितं आईला काय म्हणतेत?"

मामांचा चेहरा असा फुलला! इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी त्यांना उलट प्रश्न विचारला नव्हता.

"मामा, येताय ना?" बायकोने पलंगाशी बसत विचारलं.

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नको गं. तू दमशील. आणि हे जावईबापू तर आधीच दमलेत."

परतताना मागची सीट रिकामी होती. सुटलो म्हणून हायसं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. भुकेल्या पोटी आपलं बोलणं संपायची वाट पाहणारी माणसं मामांना मिळाली होती, आणि ती आम्ही नव्हतो.