अकरा भाकरींतली एक

वानिस माझा धाकटा भाऊ. चर्चची भाकर भाजण्यात त्याची अडतीस वर्षं गेली. लग्न केलं नाही ते या कामापायीच, असं मी म्हणते. तो म्हणतो, "अक्का, मुलगीच कुणी देईना." खोटारडा मेला.

इजिप्तमधल्या मिन्याकडच्या आमच्या गावात मिस्साची, म्हणजे रविवारच्या उपासनेची, भाकर चर्चमागच्या खोलीत होते. पहाटे, उपाशीपोटी, मिठाविना, तोंडानं स्तोत्रं म्हणत. अकरा भाकरी करायच्या. प्रत्येकीवर लाकडी शिक्का मारायचा आणि मधल्या क्रुसाभोवती काडीनं पाच भोकं पाडायची, ख्रिस्ताच्या पाच जखमांची. त्यातली एक बिनडागी भाकर अबूना, म्हणजे आमचे पाद्री, वेदीसाठी उचलतात. उरलेल्या लोक दारात उभ्याउभ्या खातात.

गेल्या वर्षी वानिसचे हात कापायला लागले. डॉक्टर म्हणाला, हे वाढतच जाणार. पाचाची सहा भोकं व्हायची, नाहीतर भाकर फाटायची. अकरांत एखादी धड निघायची, तेवढ्यावर दिवस ढकलत होता.

"लोहारानं केलेली फाटकं अजून गावात उभी आहेत," तो एकदा म्हणाला. "माझं काय राहिलं, अक्का? दुपारपर्यंत सगळं लोकांच्या पोटात. आता हातही गेले. देवाला मी कशाला हवा?"

"गप रे, रडगाणं पुरे कर," मी डाफरले. मग भिंतीकडे तोंड करून मीच रडले.

गेल्या रविवारी मी खोलीत घुसले. तिथं बाईनं जायचं नसतं. असू दे. दहा भाकरी बिघडलेल्या, आणि हा हुंदके देतोय. काडी हिसकावली. "एक मी टोचते. कुणाला कळतंय?" तो नको म्हणाला नाही.

अबूनांनी चर्चमध्ये एकेक भाकर उलटून पाहिली आणि नेमकी माझी उचलली. लाज वाटते सांगायला, पण माझी छाती फुगली. तेवढ्यात मागून वानिस ओरडला, "अबूना, ती नको! अक्कानं टोचलीय, चोरून. वेदीवर चोरीचं नको."

सगळं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं. मेल्या, तोंड उघडायला हीच वेळ सापडली?

अबूनांनी माझी भाकर खाली ठेवली. उरलेल्या दहा पुन्हा पाहिल्या. "यातली एकही चालायची नाही, वानिस. पीठ उरलंय?"

"आहे थोडं."

"मग पुन्हा भाज. आम्ही थांबतो."

ऊन चढलं. तीनशे माणसं, मिस्साच्या उपासामुळं रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. पोरं किरकिरत होती. कुणीतरी कुजबुजलं, "या थरथऱ्याला अजून ठेवलाय कशाला?" मी असं बघितलं की तो गप्पच बसला. पण उठून घरी कुणीही गेलं नाही. म्हाताऱ्या भिंतीला टेकून बसून राहिल्या.

मी खोलीच्या दाराशी उभी होते. पहिली भाकर फाटली. दुसरी फाटली. वानिसनं काडी भिरकावली. "नाही होत माझ्याच्यानं! देवा, नाही होत!"

अबूना बाह्या सरसावून आत गेले. त्यांनी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. एक भोक. थांबले. दुसरं. पाचव्यापर्यंत दोघेही घामानं भिजले होते.

तीच भाकर वेदीवर गेली. तिचा तुकडा घ्यायला वानिस लोकांच्या रांगेत उभा राहिला, अबूनांपुढे तोंड उघडलं, आणि डोळे पुसतच माघारी आला. सगळं उरकल्यावर अबूनांनी दारात हात पुढे केला. वानिसनं अडतीस वर्षं सांभाळलेली खोलीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

वाटेत तो म्हणाला, "अक्का, एवढी माणसं थांबली. माझ्यासाठी नाही गं, त्या भाकरीसाठी. मला वाटायचं, मी देवाला काहीतरी देतोय. खरं तर मीच त्याच्या हातचं खात होतो, इतकी वर्षं." मग माझी बाही ओढून लहानपणासारखं विचारलं, "म्हणजे वाया नाही ना गेलं?"

"नाही रे राजा," मी म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं.

थोडं चालून तो थांबला. "मग पुढच्या रविवारी पहाटे उठून मी जाऊ कुठं?"

"आधी घरी चल, जेवून घे," मी म्हटलं आणि त्याचं मनगट धरून त्याला पुढं ओढलं.