वाकडा दिसलेला काटा

“डावा डोळा झाका अक्का, आणि मधल्या ठिपक्याकडे बघा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. समोर चौकटींचा कागद होता. ठिपक्याजवळच्या रेघा चक्क वाकल्या होत्या. मग उजवा डोळा झाकून पाहिलं, तर सगळ्या सरळ. कागद बिचारा ठीकच होता.

स्कॅन पाहून त्यांनी नाव सांगितलं, ‘वेट मॅक्युलर डीजनरेशन’. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग आपल्याला बारीकसारीक दाखवतो. त्याच्याखाली नको त्या रक्तवाहिन्या उगवतात, पाझरतात आणि पडदा फुगतो. मग सरळ रेघ वाकडी दिसते. बाईंचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरात, त्यामुळे त्यांची मराठी कन्नडात मुरलेली. “डोळ्यात इंजेक्शन द्यायचं. स्वल्प दुखेल, सरी? चालेल ना? पाझर थांबेल. गेलेलं सगळं परत येईल असं मात्र म्हणणार नाही.”

मी मान डोलावली, पण माझं लक्ष उडालं होतं. मला एक काटा आठवत होता.

मी कोळ्यांच्या जाती ओळखते. निवृत्तीनंतरही संस्थेत तेच करते. नर कोळ्याच्या तोंडाजवळ दोन आखूड अवयव असतात, त्यांच्यावर एक इवलासा काटा. काट्याच्या आकारावरून जात ठरते. त्याचं चित्र काढायला सूक्ष्मदर्शकाला एक नळी जोडतात आणि एकाच डोळ्याने बघत काढतात. माझा तो डोळा कायम उजवा. देवनहळ्ळीजवळच्या माळावरच्या एका कोळ्याचा काटा मला टोकाशी वळलेला दिसला. त्याच्या भाऊबंदांचे काटे जुन्या चित्रांत सरळ, म्हणजे ही नवी जात. शोधनिबंध लिहून पाठवूनही झाला होता.

त्या जातीला मी माझ्या नवऱ्याचं, अरविंदचं नाव दिलं होतं. तो विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. रविवारी मला माळावर न्यायचा, झुडपाखाली छत्री उलटी धरायचा आणि मी फांद्या झोडपायचे. “सगळ्यांच्या नावाचे कोळी झाले, माझ्या नावाचं एखादं झुरळ तरी?” असा छळायचा. हा कोळी त्याच्याच छत्रीत पडलेला. तपासायला घेतला तेव्हा अरविंद नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन मी सूक्ष्मदर्शकाला डावा डोळा लावला. काटा सरळ होता. माझी विद्यार्थिनी मेघना हिलाही बघायला लावलं. ती बराच वेळ बघत राहिली. “मॅम, सॉरी. स्ट्रेटच आहे.” डीएनए तपासून घेतला, तोही जुन्या, माहितीतल्या जातीशी जुळला. मी निबंध मागे घेतला. कोळ्याच्या बाटलीतल्या चिठ्ठीवरचं अरविंदचं नाव मीच खोडलं आणि मेघनासमोर हमसून रडले. तो गेला तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. ही खाडाखोड माझ्या हातची होती.

डोळा वाकडं दाखवत होता हे खरं, पण ते वाकडं मला हवंही होतं.

ज्यांना हे इंजेक्शन घ्यायचंय त्यांना सांगते, ऐकायला वाटतं तेवढं ते भयंकर नाही. थेंब टाकून डोळा बधिर करतात, पापण्या चिमट्याने उघड्या ठेवतात. थोडा दाब जाणवतो, नंतर काळे बुडबुडे तरंगतात. मला दर महिन्याला बाहेर ताटकळणं जास्त जड गेलं. नर्स प्रत्येक वेळी विचारायची, “जोते यारु?” म्हणजे बरोबर कोण? मी मेघनाचं नाव सांगायचे.

काही महिन्यांनी पाझर थांबला. “डोळा वाचला, अक्का,” डॉक्टरबाई म्हणाल्या. उजव्या डोळ्याला रेघा अजूनही वाकड्याच दिसतात, त्या तशाच राहतील. तरी मी त्यांचे हात हातात घेऊन आभार मानले. डावा डोळा शाबूत आहे, काम चालू आहे, हे थोडं नाही. मग विचारलं, “इतके महिने मला कळलं कसं नाही?”

“दुसरा डोळा सांभाळून घेतो ना. एक कमी पडला तरी तो कळू देत नाही.”

रिक्षात बसल्यावर मला ते वाक्य पेलवेना. निदान होण्याआधी कित्येक महिने मी चहा कपाबाहेर ओतत होते आणि मुकाट्याने ओटा पुसत होते. घरात कुणी असेल तर ते सांगतं. तुम्ही एकटे राहत असाल तर अधूनमधून एकेक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे बघा. अरविंद असता तर पहिल्याच दिवशी ओरडला असता, “अगं, बघतेस कुठे?”