भोंगाबाईंचं मुकं मशीन

भोंगाबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही, आणि बाईंना त्याचं सोयरसुतकही नाही. हॉस्पिटलच्या लाँड्रीत त्यांची हयात गेली. खोलीएवढाली मशीनं, वाफ, ओल्या चादरींचे ढीग, आणि गडगडाट असा की शेजारणीचं बोलणं तिच्या ओठांवरून ओळखावं लागे. त्या गडगडाटाच्या वर जाणारा आवाज एकच होता, तो यांचा. एकदा वाफेची नळी गळत होती आणि साहेब रोज ‘बघू’ म्हणत होता. बाई त्याच्या दारात उभ्या राहून जे बोलल्या, ते म्हणे वरच्या मजल्यावरच्या पेशंटांनीही उठून ऐकलं. नळी त्याच दिवशी बदलली गेली. मागणं मांडायला शिकावं लागतं असं म्हणणाऱ्यांनी बाईंना तेव्हा ऐकायला हवं होतं.

अशा बाईला ‘तुझं आता वय झालं’ म्हणायची छाती एकाच माणसात होती, त्यांच्या लेकीत. कारण तिने घसाही आईचाच घेतला होता.

निमित्त झालं मनगटाचं. जिन्यात पाय घसरला आणि बाईंचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. लेक राहायची दुसऱ्या शहरात. सकाळी सकाळी तिचा फोन आला.

“आई, घराला कुलूप लाव आणि माझ्याकडे चल. कायमची.”

“आणि तिथे काय करू? तुझ्या गॅलरीत कुंडीसारखी बसू?”

“एका हाताने एक ताट तरी घासता येतंय का तुला?”

“ताटं घासायला मशीन आहे की. तूच दिलंयस ना मोठ्या तोऱ्यात?”

“बरं. दुपारी येते. माझ्यासमोर लावून दाखव. चाललं तर राहा खुशाल. नाही चाललं तर बॅग भरायची, एक अक्षर बोलायचं नाही.”

“ये की! मी काय घाबरते तुला?”

फोन ठेवला आणि बाई तडक मशीनसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कारण ते मशीन त्यांनी आजवर लावलंच नव्हतं.

लेकीने हौसेने आणलं, प्लंबरकडून नळी जोडून घेतली, एकदा चालवून दाखवलं. तिची पाठ वळताच बाईंनी त्यात डबे रचले. एकट्या बाईची चार भांडी, त्यासाठी एवढं यंत्र कशाला झिजवायचं? लेक फोनवर विचारायची, बाई ठोकून द्यायच्या, “एकदम झकास चालतंय.” तिचं मन राहायचं आणि मशीन नवंकोरं राहायचं. डब्यांना जागाही बरी मिळाली होती.

आता डावा हात चालवत त्यांनी डबे बाहेर काढले, सकाळची खरकटी भांडी आत लावली, साबणाची वडी घातली, बटण दाबलं. आत पाणी घळघळ आलं. बाई खूश झाल्या. मग मशीनने ‘हूंऽऽ’ केलं आणि हूंच करत राहिलं. थोड्या वेळाने दार उघडून बघतात तर तळाला पाणी साचलेलं आणि भांडी ठणठणीत कोरडी. साबणाची वडीसुद्धा होती तशीच.

कंपनीत फोन केला. मेकॅनिक परवा येईल म्हणाले. लेक तर दुपारी येणार.

बाई जिन्यात गेल्या. “बुवाऽ! वर या! हत्यारं घेऊन या!”

खालच्या मजल्यावरचे शिंपी गळ्यात टेप, कॉलरला सुई, अशा अवतारात धापा टाकत आले. “काय झालं? आग लागली?”

“लागेल दुपारी. आधी हे बघा.”

शिंपीबुवांनी वाकून बघितलं. “पाणी येतंय म्हणजे अर्धं काम झालंच की.”

“भांडी काय पाण्याकडे बघून स्वच्छ होतात?”

पाणी उडवणारा लांबट पंखा कुठल्या ताटाला अडकतो का, ते बुवांनी बोटाने फिरवून पाहिलं. पंखा मोकळा होता. मग कॉलरची सुई काढून त्याची एकेक भोकं टोचली. भोकं स्वच्छ. तळाची जाळी उपसून बघितली, तिच्यात कण नाही. असणार कुठून? चष्मा पुसून त्यांनी माहितीपुस्तिका उघडली. “इथे लिहिलंय, अधिकृत तंत्रज्ञाला बोलवा.”

“लिहिणाऱ्याला माझी लेक ठाऊक नाही. मिटा ते. आणि जरा गप्प राहा.”

बाईंनी मशीन पुन्हा सुरू केलं, खाली बसल्या, कान पत्र्याला लावला. नळाचा आवाज थांबला. मग तेच ‘हूंऽऽ’ आलं. बाईंचा चेहरा पडला, आणि लगेच त्या स्वतःवरच भडकल्या.

“हे मेलं ओळखीचं आहे! मोटारीला वीज मिळतेय, पण ती फिरत नाहीये. पंप जखडलाय. लाँड्रीत एखादं मशीन बरेच दिवस बंद राहिलं की असंच व्हायचं. पहिल्या वेळच्या पाण्याचा क्षार आत सुकून बसला असणार. बुवा, प्लग काढा.”

बुवांनी प्लग काढला, तोटी बंद केली, साचलेलं पाणी स्पंजने टिपून काढलं. जुनी चादर पसरून मशीन कुशीवर निजवलं. तळाचा पत्रा उघडल्यावर मोटारीच्या शेपटाला एक छोटा पंखा दिसला. बुवा त्याला हिसका द्यायला गेले.

“हिसका नको! शिवणयंत्र अडकलं की असंच करता? पुढे-मागे, पुढे-मागे. सरा, मीच बघते.”

बाई फरशीवर आडव्या झाल्या. प्लॅस्टरचा हात छातीशी, डावा हात मशीनच्या पोटात. नेमकं तेव्हाच दारात लेक उभी राहिली.

“आई! हे काय चाललंय?”

“ओरडू नकोस. मला ऐकू येत नाही.”

भोंगाबाईंनी दुसऱ्याला ‘ओरडू नकोस’ म्हणायचं! लेक थक्क होऊन पुढे वाकली. बाईंची बोटं पुढे-मागे, पुढे-मागे जात राहिली. कपाळावर घाम आला. आणि आतून बारीकसा ‘कट्’ आला.

“सुटलं! उभं करा, दोघं मिळून.”

पत्रा बसवला, प्लग लावला, तोटी सोडली. पाणी आलं, थांबलं. पुन्हा ‘हूंऽऽ’ आलं. लेकीने आईकडे बघितलं, आई मशीनकडे. आणि मग आत छप्पकन पहिला फवारा दारावर बसला, मागोमाग दुसरा, आणि सपासप लय धरून चालूच राहिला.

लेक हसली नाही. “हे किती दिवस बंद होतं गं?”

शिंपीबुवांना एकाएकी खाली कुणाचं तरी बटण लावायचं आठवलं. ते सटकले.

“आई, विचारतेय मी.”

“तू दिलंस तेव्हापासून,” बाई म्हणाल्या. “झिजेल म्हणून. लाँड्रीत नव्या बायकांना मी शिव्या घालायचे, मशीन रिकामं बसवून ठेवू नका, जखडतं. आणि घरात तेच केलं. चालवून काही बिघडलं नव्हतं त्याचं. बसवून ठेवलं म्हणून बिघडलं.”

लेक बराच वेळ त्या फवाऱ्याचा आवाज ऐकत बसली. आईच्या कोपरापर्यंत काळं लागलं होतं, ते तिने ओल्या फडक्याने पुसून काढलं.

“राहा इथेच,” ती म्हणाली. “पण रोज लावायचं, आणि रोज मला फोनवर ऐकवायचं. तुझ्या नुसत्या बोलण्यावर आता माझा काडीचा भरवसा नाही.”

तेव्हापासून जेवणं झाली की बाई फोन मशीनच्या दाराला लावतात. परवा पलीकडून लेक म्हणाली, “आई, टक-टक येतंय. वरच्या पंख्याला काहीतरी लागतंय.”

“काही लागत नाही. माझं मशीन मला कळतं.”

फोन ठेवल्यावर बाईंनी हळूच दार उघडलं. झाऱ्याचा दांडा खाली, पंख्याच्या वाटेत लोंबत होता. त्यांनी तो सरळ केला, आणि पुन्हा फोन लावला.

“कान बरा आहे हो तुझा,” त्या म्हणाल्या. इतक्या हळू, की लेकीला ते पुन्हा म्हणायला लावावं लागलं.