धुऊन परत आलेली गाडी

माझी गाडी चार्जिंगवरही चालते आणि पेट्रोलवरही. जुनीच घेतलेली, पण नांदेड-लातूर भागात अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या, म्हणून आम्हा मालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथं आम्ही काय बोलतो, हे लिहिताना लाज वाटते. कुणी पेट्रोल पंपावर दिसला की त्याला चिडवायचं, कारण पेट्रोल भरावं लागणं हा आमच्यात कमीपणा. कुणाच्या गाडीला ओरखडा पडला की सुतक पडल्यासारखे शोकसंदेश. एकानं बायकोला गाडीबाहेर उन्हात उभं करून भेळ खायला लावली, सीट खराब होऊ नये म्हणून, आणि ते अभिमानानं सांगितलं. सगळ्यांनी शाबासकीचे अंगठे टाकले. मीही टाकला.

भाचीच्या साखरपुड्याला दाजींनी गाडी मागितली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुखेडजवळ त्यांची शेती. मुलाकडचे लोक उमरीचे. मी चावी दिली आणि सूचना इतक्या दिल्या की दाजी ‘हाव पाव्हणं, हाव’ म्हणून दमले.

दोन दिवसांनी दाजी आणि ताई गाडी परत घेऊन आले. मागचा बंपर एका बाजूनं लोंबत होता. वाटेत पाहुण्यांचा टेम्पो चिखलात रुतला, तो दाजींनी दोर बांधून माझ्या गाडीनं ओढून काढला होता. चार्जिंग एकदाही केलं नव्हतं.

“सॉकेट गोठ्यात हाय,” दाजी म्हणाले, “अन् तिथं म्हैस व्यालीय. पण धुतली बघा झकास. ट्रॅक्टर धुतो त्या प्रेशरच्या पाण्यानं. चार्जिंगचं झाकण उघडून आतूनबी धुतली. लई माती व्हती.”

डिकीत तुरीच्या डाळीचं पोतं होतं. पेट्रोलची टाकी तोंडापर्यंत भरली होती. मागून नेलेली वस्तू मळकी द्यायची नाही आणि रिकामी तर नाहीच, ही त्यांच्या घरची रीत. मला फक्त बंपर दिसला.

दोघांना हसून चहा दिला. मग बाथरूममध्ये जाऊन ग्रुपवर फोटो टाकला, खाली सगळी हकीकत लिहिली आणि दबक्या आवाजात एक व्हॉइस मेसेजही पाठवला. मी बोलत होतो तेवढ्यात नांदेडच्या एका मालकाचाही व्हॉइस मेसेज माझ्या आधी येऊन पडला होता. तो ऐकायची मला घाई झाली होती.

दोघांना एसटी स्टँडला सोडायला त्याच गाडीतून निघालो. सिग्नलला थांबलो तेव्हा मेसेज लावून फोन हळूच कानाला धरला. गाडीत बसलं की फोन आपोआप गाडीच्या स्पीकरला जोडला जातो, याचं कौतुक मीच जगाला सांगत फिरायचो.

“टेम्पो बांधला?” गाडीभर आवाज घुमला. “आता नांगर बांधा म्हणावं! आन् टाकी फुल्ल? विहीर वाटली का काय ती!”

मी फोन बंद करायला धडपडलो. तो मेसेज संपला आणि त्याला लागून असलेला पुढचा आपोआप सुरू झाला. माझा.

“दाजी आहेत आमचे, काय बोलणार? म्हशीइतकी तरी अक्कल असावी माणसाला. गाडी मागायला मात्र बरोबर येतात.”

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. दाजी समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. त्यांनी विचारलं,

“धुवायला नको व्हती का?”

“गाडी थांबव,” मागून ताई म्हणाली.

“ताई, स्टँड अजून लांब आहे.”

“चालत जाऊ. म्हशी चालतच जातात की.”

ते उतरले. मी हाका मारल्या, पण खाली उतरलो नाही; गाडी नो पार्किंगमध्ये होती. हे कारण मला तेव्हा पुरलं.

संध्याकाळी गाडी चार्जिंगला लावली. नीट चार्ज झाली. पाण्यानं काहीही बिघडलं नव्हतं. बंपर बदलला तेव्हा ग्रुपनं माझं अभिनंदन केलं आणि मी सगळ्यांचे आभार मानले.

आमच्याकडं लग्नात नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. भाचीला मी एकटाच मामा. मामाला बोलवायला नवरीचे आईबाप कुंकू-अक्षता घेऊन स्वतः येतात. मी वाट बघितली. आला तो मोबाइलवर पत्रिकेचा फोटो. शेवटी मीच फोन केला.

“ताई, येऊ ना मी?”

“दुसरा मामा कुठून आणू? ये. एसटीनं ये.”

मी एसटीनं गेलो. अक्षता पडेपर्यंत भाचीच्या मागं उभा राहिलो. नंतर दाजी टॉवेल-टोपी घेऊन आले. टॉवेल खांद्यावर ठेवला, टोपी दोन्ही हातांनी डोक्यावर नीट बसवली. मानपानात काही उणं ठेवलं नाही. माफी मागायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी हात जोडले.

“साहेब,” ते म्हणाले, “जेवल्याबिगर जाऊ नका.”

आणि पुढच्या पाव्हण्याकडं वळले.